अस्वलाच्या वाटेवरची शिदोरी

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. तिथल्या केड्स कोव्ह खोऱ्यात १८ किलोमीटरचा एकेरी फेरीरस्ता आहे. उन्हाळ्यात त्यावर गाड्यांची रांग अचानक खोळंबली की समजायचं, पुढे अस्वल दिसलंय. बहुतेक वेळा ते रानचेरीच्या झाडावर बसून निवांत फळं ओरबाडत असतं आणि खाली माणसं मोबाइल उंचावून पुढे पुढे सरकत असतात. अटलांटा किंवा शार्लटला मुलांकडे आलेले मराठी आईवडीलही या गर्दीत भेटतात. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा मोह त्यांनाही होतोच. मात्र इथे अस्वलाच्या १५० फुटांच्या आत मुद्दाम जाणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड होतो, प्रसंगी अटकही.

उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वलं आहेत, म्हणजे चौरस मैलाला साधारण दोन. माणसं येतात वर्षाला एक कोटीहून जास्त. हा हिशेब पाहिला तर रोज काहीतरी भयंकर घडायला हवं. पण १९३४ साली स्थापन झालेल्या या उद्यानात अस्वलाच्या हल्ल्यात माणूस दगावल्याची पहिली घटना घडली ती थेट मे २००० मध्ये.

याचं कारण या प्राण्याच्या स्वभावात आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल मूळचं दाट जंगलातलं आणि झाडावर चढण्यात पटाईत. धोका दिसला की पळायचं किंवा शेंड्याकडे जायचं, ही त्याची रीत. पिल्लांची आईसुद्धा बहुधा पिल्लांना झाडावर पाठवते आणि खाली उभी राहून फुत्कारते, जबडा वाजवते, जमिनीवर पंजे आपटते. कधी दोन पावलं अंगावर धावून येते नि थांबते. हा सगळा ‘मागे हो’ असा निरोप असतो.

जीव घेणारं अस्वल वेगळंच असतं. अस्वलांचे अभ्यासक स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या १९०० ते २००९ या काळातल्या घटना तपासल्या. त्यात काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारल्याची नोंद मिळाली. बहुतेक हल्ले घाबरून केलेले नव्हते, भक्ष्य म्हणून केलेले होते. आणि अशा हल्ल्यांतली ९२ टक्के अस्वलं नर होती. बळी पडलेले बहुतेक जण एकटे किंवा दोघेच होते. स्मोकीजमधली २००० सालची घटना मात्र मादीच्या आणि तिच्या वर्षभराच्या पिल्लाच्या नावावर आहे, तेव्हा आकड्यांवर फार विसंबूनही चालत नाही. आरडाओरडा न करता, टक लावून माग काढत येणारं अस्वल फुत्कारणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचं, एवढं लक्षात ठेवावं.

पण रोजचा त्रास हल्ल्यांचा नाहीच, खाण्याचा आहे. एकेकाळी ही डोंगररांग अमेरिकी चेस्टनटच्या झाडांनी भरलेली होती आणि त्यांची फळं दरवर्षी भरपूर यायची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुरशीच्या रोगाने ती झाडं संपली. आता थंडीपूर्वी चरबी साठवायला अस्वलांची भिस्त ओकच्या फळांवर आहे, आणि ओक लहरी. ज्या वर्षी तो फळत नाही त्या वर्षी अस्वलं उद्यानाबाहेर, गॅटलिनबर्गसारख्या गावांतल्या कचऱ्याच्या डब्यांपर्यंत पोचतात. उद्यानवाले पूर्वी धीट झालेल्या अस्वलांना पकडून लांब सोडत. पुढे ध्यानात आलं की खोड अस्वलाला लागते ती रात्री सहलीच्या जागी राहिलेल्या उष्ट्याने. मग १९९०च्या दशकापासून त्या जागा संध्याकाळी बंद करून कचरा उचलायला सुरुवात झाली. बंदोबस्त खरं तर माणसांचाच झाला, आणि मला तो योग्यच वाटतो.

जंगलात मुक्कामाच्या जागी तारा आणि कप्प्या बसवलेल्या असतात. रात्री खाणं त्यावर उंच टांगायचं. खाणं म्हणजे फक्त डबा नव्हे. टूथपेस्ट, सनस्क्रीन, सगळं वासाचं सामान. लसणाच्या चटणीबद्दल वेगळं सांगायला नको. तंबूत चकलीचं पाकीटही नको.

वाटेत अस्वल दिसलंच तर पळू नये. ते ताशी ४८ किलोमीटरने धावू शकतं. त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरकावं. ते पाठ सोडत नसेल तर हात उंचावून मोठं दिसावं, ओरडावं, दगड मारावेत. अंगावर आलंच आणि त्याचा डोळा तुमच्या खाण्यावर असेल, तर ते तिथेच टाकून मागे व्हावं. खाण्यात त्याला रस नसेल तर हाती लागेल त्याने लढावं. मेल्याचं सोंग इथे घेऊ नये. मिरचीतल्या झणझणीत घटकाचा फवारा जवळ बाळगायला परवानगी आहे. तो विमानात नेता येत नाही, तिथे उतरूनच घ्यावा लागतो. काहीजण तो डासांच्या औषधासारखा तंबूवर मारून ठेवतात. त्याचा उपयोग शून्य.

हे सगळं मेळघाटात किंवा ताडोबात जसंच्या तसं वापरू नये. आपलं अस्वलही काळंच, पण ते वाघाच्या शेजारात वाढलेलं आहे. संकट आलं की ते बहुधा झाड गाठत नाही, समोरच्यावर तुटून पडतं. वारूळ उकरताना त्याचं डोकं मातीत असतं, कान आपल्याच आवाजाने भरलेले, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मोहाच्या हंगामात पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या बायकांवर हल्ले होतात ते असेच. तिथे खरा उपाय म्हणजे चार जणींनी मिळून, बोलत, काठी आपटत जाणं आणि उजाडल्याशिवाय न निघणं. अस्वलाने गाठलंच, तर पालथं पडून चेहरा जमिनीकडे आणि हात मानेमागे घ्यावेत, असा सल्ला दिला जातो.