वधूचा पोशाख आणि तो शिवणारे हात

वस्त्र आणि पोशाख हे दोन शब्द बोलताना पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. शिवणकामाच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा भेद आहे. वस्त्र मागावर पूर्ण होते. पोशाख अंगावर पूर्ण होतो. महाराष्ट्रातील वधू गौरीहरापुढे बसते ती पिवळी अष्टपुत्री नेसून, आणि पुढे शालू किंवा पैठणी नेसते. ही वस्त्रे विणकराच्या हातून सुटतात तेव्हाच परिपूर्ण असतात. वधू उंच असो वा ठेंगणी, स्थूल असो वा कृश, नेसण्याच्या कौशल्याने तेच वस्त्र तिच्या अंगाला जुळते. आजीचा शालू नातीला येतो तो याच कारणाने. या वेषात शिंप्याचा संबंध येतो तो केवळ चोळीपुरता. आणि तिचे मापही पूर्वी अंगावर न घेता, नीट बसणारी एखादी जुनी चोळी धाडून भागविले जात असे.

पाश्चात्त्य पद्धतीच्या वधूवेषाची गोष्ट निराळी आहे. तेथे नुसत्या कापडाने काहीच सिद्ध होत नाही. ते कापले, जोडले आणि एका विशिष्ट देहावर बसविले गेले म्हणजेच त्याचा पोशाख होतो. १८४० साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांनी आपल्या विवाहात पांढरा रेशमी झगा घातला, आणि तेव्हापासून पांढरा रंग हा वधूचा रंग म्हणून त्या समाजांत हळूहळू रूढ झाला. आपल्याकडेही गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या वांद्र्यासारख्या भागांत अनेक ख्रिस्ती घरांतील मुली हाच वेष करतात. असा झगा आज तयार मिळतो. तथापि तो मापाने शिवून घेण्याची चाल अद्याप टिकून आहे, आणि त्यामागे किती श्रम असतात याची कल्पना पाहणाऱ्यांना सहसा नसते.

पहिल्या भेटीत शिवणारी स्त्री कात्रीला हात लावीत नाही. ती प्रश्न विचारते. विवाह कोणत्या ऋतूत आहे, वधूला किती वेळ उभे राहावे लागेल, ती पायांत किती उंच टाचेचे जोडे घालणार आहे, हे तिला आधी कळावे लागते. टाच इंचभर बदलली तरी जमिनीलगतचा घेर आखूड पडतो किंवा पायांत घोटाळतो. त्यानंतर मापे घेतली जातात. छाती आणि कंबर एवढ्यावर काम भागत नाही. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठ, खांद्याचा उतार, दंडाचा घेर अशी अनेक मापे लागतात. शिवाय माणसाचे दोन्ही खांदे बहुधा सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या मापांवरून कागदी आकार काढतात. पण म्हणून लगेच रेशमाला कात्री लावीत नाहीत. प्रथम मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडाचा एक झगा कच्च्या टाक्यांनी जोडून वधूच्या अंगावर चढवितात. जेथे तो ओढतो तेथे शिवण उसवतात; जेथे तो झोळतो तेथे टाचण्या लावून खडूने खूण करतात. मांजरपाटावर झालेली चूक थोडक्यात निभावते. रेशमावर झालेली चूक अखेरपर्यंत दिसत राहते. हा कच्चा झगा निर्दोष ठरला, की मग खरे कापड बेतायचे. तेथेही विचार असतोच. कापडाचा उभा धागा ताणला जात नाही, आडवा किंचित ताणला जातो, आणि उरेप, म्हणजे तिरके, कापलेले कापड पुष्कळ लवते. झग्याचा कोणता भाग ताठ उभा राहावा आणि कोणता अंगावरून ओघळावा, हे कापड कोणत्या दिशेने बेतले यावर ठरते.

शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला आपल्याकडील शिंपी 'माया' म्हणतात. हा शब्द फार समर्पक आहे. विवाहापूर्वीच्या धावपळीत वधू कृश होते, क्वचित अंगाने भरते. अशा वेळी ही माया उपयोगी पडते. याशिवाय कमरेला आतून एक घट्ट पट्टी बसवितात. घेराचा सारा भार ती पट्टी पेलते, म्हणून तो खांद्यांवर येत नाही आणि वधूला सहजपणे वावरता येते. अस्तर, कच्चे टाके, आतील पट्टी, राखलेली माया यांपैकी काहीही छायाचित्रात दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे मोल करणे माणसाला जड जाते, आणि या व्यवसायातील बहुतेक दुःखे येथूनच उगम पावतात.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. १२ सप्टेंबर १९५३ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे जॅकलिन बूव्हिए आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांचा विवाह झाला. वधूच्या झग्याची छायाचित्रे जगभर गेली. हस्तिदंती रंगाच्या सुमारे ५० वार रेशमी टॅफेटाचा तो झगा होता. एवढ्या कापडात पाच नऊवारी पातळे होऊन वर पाच वार उरले असते. हा झगा न्यूयॉर्कमधील ॲन लो नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने तयार केला होता.

श्रीमती लो यांचा जन्म अलाबामा राज्यातला. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. आजी आणि आई दोघीही शिवणकामात निष्णात. १९१४ साली आई वारली तेव्हा राज्याच्या गव्हर्नरांच्या पत्नीसाठी शिवावयाचे झगे अपुरे राहिले होते. ते या किशोरवयीन मुलीने पुरे केले. १९१७ साली त्या न्यूयॉर्कमधील एका शिवण-विद्यालयात दाखल झाल्या. तेथे वर्णभेदामुळे त्यांना इतर विद्यार्थिनींपासून वेगळे बसविण्यात आले. तरीही शिक्षण त्यांनी नेहमीपेक्षा लवकर पूर्ण केले, आणि पुढे अमेरिकेतील अनेक धनिक कुटुंबे त्यांच्याकडून पोशाख करवून घेऊ लागली.

केनेडी विवाहाला सुमारे दहा दिवस उरले असता त्यांच्या कार्यशाळेतील पाण्याचा नळ फुटला. वधूचा आणि तिच्या सख्यांचा मिळून पंधरा पोशाखांपैकी दहा नासले. त्यांत खुद्द वधूचा झगा होता. दोन महिन्यांचे काम पाण्यात गेले. श्रीमती लो यांनी नवे कापड मिळविले, मदतनीस स्त्रियांना घेऊन अहोरात्र काम केले आणि सारे पोशाख वेळेवर सिद्ध केले. झाल्या प्रकाराची वार्ता त्यांनी वधूच्या घरी कळू दिली नाही. या कामात त्यांना सुमारे ७०० डॉलर मिळावयाचे होते. त्याऐवजी २,२०० डॉलरची खोट आली. पोशाख पोहोचविण्यास त्या गेल्या तेव्हा नोकरांच्या दारातून आत येण्यास सांगण्यात आले. तसे असेल तर पोशाख परत जातील, असे त्यांनी बजावले आणि त्या समोरच्या दारानेच आत गेल्या.

तरीही नावाचा प्रश्न उरलाच. १९६१ साली एका महिला-मासिकात त्यांचा उल्लेख नावाने न होता, 'एक कृष्णवर्णीय शिवणारी' अशा अर्थाने झाला. त्या उल्लेखाने दुखावून त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला पत्र लिहिले. तोवर पैशाची ओढाताणही वाढली होती. आपल्या श्रमांची पुरती किंमत त्यांनी कधी लावली नाही. हिशेब पाहणारा मुलगा १९५८ साली अपघातात वारला आणि कर थकले. पुढे ते देणे कोणी अनामिकाने फेडले. ती व्यक्ती जॅकलिन केनेडी असावी, असे श्रीमती लो मानीत. १९८१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन डेलावेअर राज्यातील विंटरथर संग्रहालयात २०२३ साली भरले. मूळ झगा प्रवासाला आणि मांडणीला फार नाजूक झाला असल्याने त्यासाठी तेथील विद्यापीठातील एका अध्यापिकेने त्याची हुबेहूब प्रतिकृती शिवली.

या घटनेतून मापाने शिवण्याच्या व्यवहाराचे मर्म दिसते. एका देहासाठी बेतलेला झगा दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. कापड नासले, वधूचे मन पालटले किंवा मुहूर्त पुढे गेला, तर सारा तोटा शिवणारीच्या पदरी पडतो. म्हणून शहाणा ग्राहक आरंभीच कापड कोणी आणावयाचे, किती वेळा घालून पाहावयाचे, तारखा कोणत्या आणि पैसे केव्हा द्यावयाचे हे लिहून ठेवतो व काही रक्कम आगाऊ देतो. हा अविश्वास नव्हे; दोन्ही पक्षांना निश्चिंत करणारी ही रीत आहे. शिवाय काम सांगावयाचे ते काही महिने आधी. अखेरच्या आठवड्यात केलेली घाई कोणाच्या तरी झोपेच्या मोबदल्यातच भागते.

पैशाबरोबर मानही द्यावा लागतो, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत वधूचा 'साडो', म्हणजे तिचा लाल पोशाख, बेतण्याचा स्वतंत्र सोहळा असतो. शिंप्याला सन्मानाने घरी बोलावतात, आप्तांच्या देखत तो लाल कापडाला कात्री लावतो, फटाके वाजतात आणि त्याच्या हाती ओवाळणीसारखे पैसे पडतात. लग्नघर त्या दिवशी शिवणाऱ्याला नावाने ओळखते. त्याला समोरच्या दाराने आत बोलावले जाते, आणि ती वाट कोणाशी भांडून मिळवावी लागत नाही.