पाच लाख वीस हजार, आणि पुढे

गोदौलियाच्या चौकात लोखंडी कठडे आडवे लावलेत. चारचाकी इथून पुढे नाही. गर्दीच्या दिवसांत तर याच्या बऱ्याच आधी उतरावं लागतं. ज्येष्ठातली सकाळ, साडेसहा वाजलेत, तरी डांबर आताच तापायला लागलंय. एमएच 31 पाटीची एक गाडी कठड्यापाशी येऊन थांबते. पोलीस शिट्टी मारतो आणि हातानेच ‘मागे’ म्हणतो. मागचं दार उघडून एक आजी उतरतात, मग दोन बायका, मग तांबड्या फडक्यात बांधलेला कलश छातीशी धरलेला तिशीतला मुलगा. ड्रायव्हर गाडी वळवून पार्किंग शोधायला निघतो. बाकीचे दशाश्वमेधाची वाट धरतात. मीही त्यांच्या मागोमाग.

रस्ता उतारावर आहे. दोन्ही कडेला भाजीवाल्या बसल्यात, भेंडीवर पाणी मारतायत. लिंबाच्या चहाची किटली घेऊन एक पोरगा गर्दीतून वाट काढतोय. मधोमध एक सांड बसलाय आणि सगळी गर्दी त्याला वळसा घालून जाते. विश्वनाथाच्या दर्शनाची रांग डावीकडच्या गल्लीत शिरते. रांगेतल्या लोकांच्या हातात दुधाचे कुल्हड आहेत, पायात काही नाही. पुढे एकदम आकाश मोकळं होतं आणि पायऱ्या सुरू होतात.

खाली गंगा उन्हाळ्याची आहे, आक्रसलेली. पाणी बरंच खाली गेलंय, शेवटच्या पायऱ्यांवर वाळलेल्या गाळाचा थर आहे. न्हावी ओळीने बसलेत. नावाडी प्रत्येकाला हाक घालतात. लाकडी तखतांवर बांबूच्या मोठ्या छत्र्या उभ्या आहेत. त्यांच्या सावलीला पंचांग, गंधाची वाटी, दर्भ, आणि आता चार्जिंगला लावलेले दोन मोबाइल.

अशाच एका छत्रीखाली सौदा चाललाय.

तखतावर सत्तरीतले एक गुरुजी आहेत. घर ब्रह्माघाटाकडे, काही पिढ्यांपासून काशीतच. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची त्रिस्थळी ते करवून देतात: काशी, प्रयाग, गया. शेजारी त्यांचा पुतण्या. काकांशी मराठीत बोलतो आणि समोरच्या दलालाशी बनारसी बोलीत. दलाल एक पायरी खाली, गमछ्याने मान पुसत बसलाय. त्याच्या मोबाइलवर गाडीचे फोटो आहेत. सात सीटची डिझेल गाडी, दिल्ली पासिंग, सातवं वर्ष चालू.

“पाच लाख वीस हजार,” दलाल म्हणतो. “गाडी एकदम मक्खन.”

पुतण्याला गाडी हवीय ती यजमानांसाठी. प्रयागराज इथून सव्वाशे किलोमीटर, गया अडीचशेच्या आसपास. प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी घ्यायची तर निम्मी मिळकत तिच्यातच जाते. दिल्लीची गाडी स्वस्त का, हेही त्याला ठाऊक आहे. 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या तिथे चालवू नयेत, असे हरित लवादाचे आदेश 2014-15 सालचे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, 2025 मध्ये थोडी सूट आली. नियम सैल झाला, कडक झाला, पुन्हा सैल झाला, पण भाव पडायचा तो पडलाच. सात वर्षांची डिझेल गाडी तिथला मालक विकून मोकळा होतो. ती पूर्वेकडे येते.

“आणि 18 टक्के जीएसटी,” दलाल पुढचं वाक्य जरा घाईने टाकतो. “93,600.”

गुरुजी पंचांगातून मान वर करतात.

पुतण्याकडे एका जुन्या पत्रिकेची कोरी पाठ आहे. त्यावर पेनने ओळी आखलेल्या. तो शांतपणे विचारतो, “गाडी विकतंय कोण? दिल्लीचा मालक, की तुमचं दुकान?” दलाल म्हणतो, दुकान. “दुकानाने कितीला घेतली?” दलाल नदीकडे बघतो. बऱ्याच वेळाने आकडा येतो, चार सत्तर.

इथे गिऱ्हाईक हमखास फसतं, म्हणून नीट सांगतो. जुन्या गाडीवरचा जीएसटी पूर्ण किमतीवर नसतो. दुकानदाराने घेतली आणि विकली यांतल्या फरकावर असतो. 2025 च्या जानेवारीपासून लहानमोठ्या सगळ्या जुन्या गाड्यांना 18 टक्के असा एकच दर झाला. त्याआधी लहान गाड्यांना 12 होता. फरक इथे 50 हजार. त्याचे 18 टक्के म्हणजे 9,000. दुकान तोट्यात विकत असेल तर काहीच नाही. आणि मालकाने स्वतःची घरगुती गाडी थेट दुसऱ्याला विकली, तर त्या व्यवहारात जीएसटी येतच नाही. 93,600 आणि 9,000. मधले 84,600 रुपये म्हणजे या घराची कितीतरी महिन्यांची चूल.

पुतण्या पत्रिकेवर 9,000 लिहितो. दलाल काही बोलत नाही. चहावाल्याला हाक मारतो.

आता सगळे थांबलेत ते ओटीपीसाठी. गाडीच्या कागदावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे. दिल्लीच्या आरटीओची एनओसी काढायची, तर त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. मालक फोन उचलत नाही. दलाल पुन्हा लावतो. रिंग वाजत राहते. छत्रीची सावली हळूहळू सरकते आणि त्याबरोबर तिघे थोडे थोडे सरकतात. दगड आता हाताला चटका देतोय.

तेवढ्यात पुतण्या पाकिटातून कागदाची एक पट्टी काढतो. परवा गाडी बघायला गेला तेव्हा त्याने चेसिस नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती. करड्या घासणीत पांढरी अक्षरं उमटलीत, 17 अक्षरं-आकडे. तो ती पट्टी मोबाइलवरच्या आरसीच्या फोटोशेजारी धरतो आणि नखाने एकेक अक्षर मोजत जातो. बाराव्या जागी थांबतो. 8 आहे की बी? डोळ्यांजवळ नेतो. 8 आहे. पुढे जातो. सतराही जुळतात. मग आरसीवरची दुसरी ओळ बघतो, बँकेचा बोजा. कर्ज फिटलंय असं दलाल सांगतो, पण बोजा अजून दिसतोय. म्हणजे बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 आल्याशिवाय गाडी हलत नाही. तेही पत्रिकेवर चढतं.

शेजारच्या तखतावर कलशवाली मंडळी येऊन बसलीत. मुलगा डोकं करून आलाय, मानेवर केस चिकटलेत. संकल्प व्हायचाय. गोत्र विचारून होतं, वडिलांचं नाव सांगताना त्याचा आवाज दाटतो. विधी संपायला अर्धा तास लागतो. नंतर ओल्या धोतरातच तो पायरीवर टेकतो आणि इकडचं बोलणं त्याच्या कानावर पडतं.

“आम्ही ज्या गाडीने आलो ना,” तो गुरुजींना म्हणतो, “ती बाबांच्याच नावावर आहे अजून. आई म्हणते विकून टाक. एकानं रोख देतो म्हटलंय.”

पुतण्या त्याच्याकडे वळतो. “दादा, लगेच देऊ नका. आधी वारसाच्या नावावर करावी लागते.” आणि सांगत जातो. मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, म्हणजे वारसाला ती गाडी तीन महिने वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचं. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, विमा, सगळं लागतं. गेलेल्या माणसाच्या जुन्या सहीचा विक्रीचा फॉर्म चालवून द्यायला सांगणारे लोक भेटतात; त्यांच्या नादी लागू नका. आरसीवर नॉमिनीचं नाव घालायची सोय 2021 पासून आहे. ते असतं तर आईचं काम पुष्कळ सोपं झालं असतं.

मुलगा मोबाइलमध्ये लिहून घेतो, ‘30 दिवस’. बोटांनी हिशेब करतो. आज अकरावा. आजी मागून विचारतात, “काय म्हणताहेत रे?” तो म्हणतो, “काही नाही, गाडीचं.” आजी म्हणतात, “विकू नको इतक्यात.”

मी उठून दक्षिणेकडे निघतो. शीतलेचं मंदिर मागे पडतं आणि अहिल्याबाई घाटाचे उंच दगडी बुरूज येतात. त्यांच्या सावलीत बसायला जागा मिळते. इथे लंडनहून आलेलं एक मराठी जोडपं बसलंय, आता पुण्यात परतायचा बेत आहे. गृहस्थ त्यांच्या तिथल्या गाडीबद्दल विचारतात, चार वर्षांची आहे, बरोबर आणता येईल का. येणार नाही. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, ते त्यांच्या गाडीला आहे. अमेरिकेतली गाडी मात्र तिथेच बाद. उतरायची ती मुंबई बंदरातच. वयात बसली तरी सीमाशुल्क आणि त्यावरचा उपकर मिळून 137.5 टक्के. म्हणजे 10 लाखांची गाडी बंदरावरच 23 लाख 75 हजारांची होते, आणि जीएसटी त्याच्यावर. गृहस्थ बायकोकडे बघतात. त्या म्हणतात, “मी म्हटलं होतं, तिथेच विका.”

परत येतो तेव्हा नऊ वाजून गेलेत. ऊन पायऱ्यांवर चांगलंच चढलंय. पंचांगावर गुरुजींनी दगड ठेवलाय, कारण गरम वारा सुटलाय. दिल्लीहून मालकाचा फोन आला, ओटीपी मात्र दुपारी देतो म्हणाला. पत्रिकेची पाठ आता भरत आलीय.

मी तिच्यावर नजर टाकतो. गाडी 5,20,000. जीएसटी 9,000. दलाली 10,000. नाव बदलायची सरकारी फी 300, सगळ्या यादीत सर्वांत लहान आकडा. विमा: दीड हजार सीसीवरच्या घरगुती गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता 7,897, वर 18 टक्के. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. पूर्ण विमा घ्यायचा तर हप्ता त्याच्याविना मोजायचा. एनओसीवर वाराणसीच्याच आरटीओचं नाव हवं. दिल्लीतली चलनं बाकी असतील तर ती आधी भरायची, आणि कोणी भरायची हे लिहून घ्यायचं.

आणि एक ओळ रिकामी आहे. ‘यूपी टॅक्स’.

हाच आकडा दलालाकडे नसतो, आणि तोच मोठा असतो. गाडी एका राज्यातून दुसऱ्यात कायमची आली की नव्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो. गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून तो निघतो, जुनी असेल तितकी सूट. दिल्लीत भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो, पण त्यासाठी इथल्या नोंदणीचा पुरावा जोडायचा. म्हणजे आधी इथे भरायचं, मग तिकडे मागायचं. मधल्या काळात पैसे अडकतात ते घेणाऱ्याचे.

“दिल्लीचीच पाटी ठेवा,” दलाल सुचवतो. “साल भर कोण विचारतो?” बारा महिन्यांपर्यंत परराज्याची पाटी कायद्याने चालते, हे खरं आहे. पण नाव बदलणं त्याने टळत नाही. नाव बदललं नाही, तर अपघात झाल्यावर भरपाईची नोटीस दिल्लीच्या मालकाच्या दारात जाते, कारण कायद्याच्या लेखी मालक तोच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल इथे कोणी बोलत नाही. तो ओटीपी द्यायला आळस करतोय, पण खरं तर सर्वांत जास्त घाई त्यालाच हवी.

गुरुजी आता प्रथमच मधे बोलतात. “पाटीचा रंग काय?”

पांढरा. घरगुती गाडी आहे.

“मग यजमान बसवून पैसे कसे घेणार?”

पुतण्या गप्प होतो. पांढऱ्या पाटीवर भाडं मारलं आणि पकडलं गेलं, तर पहिल्याच वेळी 10,000 दंड आणि कैदेचीही तरतूद. त्याहून वाईट म्हणजे अपघातात विमा कंपनी हात वर करते. घरगुती गाडीचा विमा भाड्याच्या प्रवाशांसाठी नसतो. गुरुजींचे यजमान बहुतेक साठीपुढचे, गुडघे धरून गाडीत चढणारे. त्यांना घेऊन रात्रीच्या हायवेने गयेला जायचं. पिवळी पाटी म्हणजे परमिट, फिटनेस, वेगळा विमा, वेगळा कर. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. वाटेत कर्मनाशा ओलांडली की बिहार. 2021 पासून पर्यटक गाड्यांना देशभराचं एकच परमिट मिळतं, ते असलं तर सीमेवर वेगळा कर भरावा लागत नाही. ते नसलं तर तिथे थांबा.

पत्रिकेच्या पाठीवर आता जागाच नाही. पुतण्या कडेला उभं लिहितो, ‘पिवळी — ?’

“इसार किती देताय?” दलाल विचारतो. “दुसरं गिऱ्हाईक बारा वाजता येतंय. पन्नास हजार ठेवा, गाडी तुमची.”

पुतण्या काकांकडे बघतो. खाली एक नाव किनाऱ्याला लागते, पन्नासेक माणसं एकदम उतरतात आणि पायऱ्यांवर ओली पावलं उमटत वर येतात.

“येऊ दे दुसरं गिऱ्हाईक,” गुरुजी म्हणतात. “दहाला आरटीओ उघडेल. तू तिथे जा, आरसीचा फोटो दाखव, दोन्ही आकडे काढून आण. पांढऱ्या पाटीचा आणि पिवळीचा. इसाराचं त्यानंतर बोलू.”

“काका, तोवर गाडी गेली तर?”

“दिल्लीत डिझेलच्या गाड्या संपल्यात का?”

दलाल फोन कानाला लावून दुसऱ्या कोणाला तरी तीच गाडी पाच दहाला सांगायला लागतो. पुतण्या ऐकतो, आणि पत्रिकेवरचं 5,20,000 खोडून 5,10,000 करतो.