मांजराची जखम आणि आपली काळजी

राजापूरच्या आपल्या वस्त्यांत मांजर रात्री गडग्यावरून हिंडते आणि सकाळी जखम घेऊन घरी येते. कशाने लागले ते कळत नाही. बहुधा बोक्यांची झुंज असते. दाताची जखम वरून बारीक दिसते, पण आत घाण राहून दोन-चार दिवसांत गळू होते.

अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून, ते कोमट झाल्यावर जखम धुवावी. फिनेल, डेटॉल लावू नये. मांजर अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. सूज, पू दिसला किंवा खाणे सुटले, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

धुताना ते चावले किंवा बोचकारले, तर चुना, मिरची लावू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर सर्व डोस घेतले तर वाचतो.

मांजर टाकून देऊ, अशी धमकी मुलांना देऊ नका. त्या भीतीने मुले बोचकारा लपवतात. पहिले शील आपल्याला प्राण्यांवर मैत्री शिकवते. ती मैत्री आपल्या लेकरांचाही जीव राखते.