उंचावर रक्तातला प्राणवायू का घटतो?

लेह-लडाखला सहलीला जाणारे आता आपल्या जिल्ह्यातूनही पुष्कळ असतात. २०२० च्या कोरोना साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत असतेच. विमानातून उतरून हॉटेलात पोचले, की त्यावर ८६ आकडा दिसतो आणि घरच्या डॉक्टरांना फोन येतो, "इथं हवेत ऑक्सिजनच नाही हो!"

तसे नसते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण मुंबईत आणि एव्हरेस्टवर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. हवा विरळ झाल्याने एका श्वासात कमी प्राणवायू मिळतो आणि फुप्फुसातून त्याला रक्तात ढकलणारा जोरही उणा पडतो.

रक्तातील हिमोग्लोबिन हा प्राणवायूचा हमाल. दाब थोडा उतरला तरी तो ओझे सोडत नाही. म्हणून १६४६ मीटर उंच कळसूबाईवर धाप लागते ती चढणीची. रक्तातला आकडा फारसा हलत नाही. साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे मात्र घसरण वाढत जाते. लेहला पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचा आकडाही ८५ ते ९० च्या दरम्यान दिसू शकतो. गावी तो दिसला तर लगेच दवाखाना गाठावा लागेल. तिथे आकड्याइतकेच माणसाकडे पाहावे.

शरीर आपल्या परीने उपाय करते. श्वास वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री श्वास मध्येच थांबून दचकून जाग येते ती यामुळेच. मूत्रपिंडे हा तोल काही दिवसांत सावरतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात, सहल तोवर संपलेली असते. कापराची पुडी हुंगल्याने यातले काहीही बदलत नाही.

तरुण, व्यायामपटू यांनाही सूट नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास मैदानातून झपाट्याने हिमालयात गेलेल्या जवानांना हा त्रास झाला. डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला.

डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नये. पहिले दोन दिवस आराम करावा; मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, झोकांड्या किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता प्राणवायू लावून रुग्णाला खाली आणावे. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच, शक्यतो निघण्याच्या आदल्या दिवसापासून घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असल्यास तसे आधी सांगावे. आणि ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट चोळून गरम करावे. गारठलेल्या बोटावर तो आकडा चुकीचा दाखवू शकतो.