चाळिशीनंतर बीएमएक्स सायकल शिकता येते का? उडी मारण्याआधी पडण्याचा हिशोब समजून घ्या

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात किटी वेस्टन-नाउअर शिक्षण क्षेत्रात काम करायच्या, पुढे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचा लहान मुलगा बीएमएक्स सायकलींच्या शर्यतीत उतरायचा. एका मदर्स डेला त्यानं आईलाच ट्रॅकवर येण्याचं आव्हान दिलं. तेव्हा किटी चाळिशीच्या होत्या. आव्हान घेतलं ते एका दिवसापुरतं, पण सत्तरी ओलांडल्यावरही त्या शर्यतीत उतरत राहिल्या. अमेरिकेतली सर्वांत ज्येष्ठ महिला बीएमएक्स रेसर अशीच त्यांची ओळख झाली.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा, कारण रील्समध्ये तो सहसा येत नाही. याच वर्षांत त्यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली. खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. म्हणजे चाळिशीत हा खेळ सुरू करता येतो हे खरं आणि त्याची किंमत शरीर मोजतं हेही तितकंच खरं. ही किंमत कमी कशी ठेवायची, हा खरा प्रश्न आहे.

बीएमएक्स म्हणजे नेमकं काय?

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींची नक्कल आपल्या छोट्या सायकलींवर करू लागली. त्यातून हा खेळ उभा राहिला. १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९३ मध्ये हा खेळ यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या छत्राखाली आला आणि २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. हवेत कसरती करण्याचा फ्रीस्टाइल प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला तो टोकियोत.

सायकल दिसायला लहान मुलाची वाटते. २० इंची चाकं, एकच गिअर, खाली बसवलेली सीट. ही सीट बसून पायडल मारण्यासाठी नसतेच. चालवणारा बहुतेक वेळ पायडलवर उभा असतो. त्यामुळे ऑफिसला जायला आणि जमलं तर उड्याही मारायला अशी एकच सायकल घेऊ, हा विचार सोडून द्यावा. इतक्या खाली बसून चार किलोमीटर चालवलं तर आधी गुडघे बोलायला लागतील.

शर्यतीचा ट्रॅक साधारण ३०० ते ४०० मीटरचा. आठ जण एकदम उतारावरून सुटतात, वाटेत उंचवटे आणि तिरपी वळणं असतात आणि एका मिनिटाच्या आत सगळं संपतं.

मग मध्यमवयीन माणसं यात कुठून आली?

दोन वाटांनी आली. पहिली वाट आठवणींची. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ सिनेमात मुलं बीएमएक्सवरून पळताना दिसली आणि अमेरिका, ब्रिटनमध्ये या सायकलींची लाट आली. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आता पन्नाशीत आहेत. लहानपणी जी सायकल मिळाली नाही किंवा विकावी लागली, ती आता पगारातून घेणारे बरेच आहेत. आपल्याकडे चाळिशीनंतर जुनी राजदूत किंवा येझदी शोधत फिरणारे काका असतात, तसंच काहीसं.

दुसरी वाट पालकांची. मुलाला ट्रॅकवर सोडायचं आणि दोन तास कडेला खुर्ची टाकून बसायचं, हे काही वर्षं केल्यावर काही आया आणि बाबा स्वतःच हेल्मेट घालतात. किटी यांची गोष्ट याच वाटेवरची.

या खेळाची रचनाही त्यांना जागा देते. शर्यती वयोगटांनुसार होतात. यूसीआयच्या जागतिक स्पर्धेच्या हौशी विभागात २४ इंची चाकांच्या ‘क्रूझर’ सायकलींसाठी ४० ते ४४, ४५ ते ४९ असे गट असतात आणि पन्नाशीपुढच्यांनाही जागा असते. त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या नवख्याला सतरा वर्षांच्या पोराशी झुंजावं लागत नाही. शिवाय मोठं चाक खडबडीत जागेवरून जास्त सहज जातं आणि सायकल थोडी स्थिर वाटते. ज्यांना शर्यतीच्या ट्रॅकवरच जायचं आहे त्यांनी सुरुवात क्रूझरनं करावी, हे जास्त शहाणपणाचं दिसतं.

‘अमका पन्नाशीतही उड्या मारतो’ अशी उदाहरणं मात्र जपून घ्यावीत. १९६६ मध्ये जन्मलेला अमेरिकेचा डेनिस मॅकॉय पन्नाशी ओलांडल्यावरही एक्स गेम्समध्ये उतरला, पण तो किशोरवयापासून हेच करत आला होता. त्याच्या शरीराला पडण्याची चाळीस वर्षांची सवय होती. नवख्याकडे ती नसते.

पायडल न मारता वेग कसा येतो?

बीएमएक्समधलं पहिलं खरं कौशल्य म्हणजे ‘पंपिंग’. पंप ट्रॅक नावाचा लाटांसारख्या उंचवट्यांचा गोल ट्रॅक असतो. त्यावर एकदाही पायडल न मारता फेऱ्या घालता येतात. हे जादूसारखं वाटतं, पण झोका उभं राहून चढवलेल्या प्रत्येकाला हे आतून माहीत आहे. झोका खाली येताना आपण गुडघे वाकवतो, तळातून जाताना उभे राहतो आणि प्रत्येक वेळी झोका आणखी वर जातो. पायांनी केलेलं काम गतीत मिसळत जातं.

पंप ट्रॅकवरही तसंच. उंचवटा चढताना हातपाय सैल करून सायकलला अंगाखाली वर येऊ द्यायचं, माथा ओलांडला की उतारावर हातापायांनी तिला खाली दाबायचं. वेळ चुकली की वेग मरतो, जमली की सायकल आपोआप पुढे सुटते. यात ताकदीपेक्षा ताल महत्त्वाचा. म्हणूनच ही गोष्ट चाळिशीतही चांगली शिकता येते आणि सायकल जमिनीवरच असल्यामुळे पडण्याची उंचीही कमी राहते. मांड्या, कंबर आणि दंडांना यात जो घाम फुटतो तो वेगळाच. दोन-तीन मिनिटांत दम लागतो.

आता उताराचं गणित. घर्षण आणि पायडल बाजूला ठेवलं तर एक मीटर उंचीवरून खाली आल्यावर वेग ताशी १६ किलोमीटर होतो. पाच मीटरच्या स्टार्ट हिलवरून ताशी साधारण ३५ किलोमीटर आणि ऑलिम्पिकसारख्या आठ मीटरच्या उतारावरून ४५. त्यावर पायडलचा जोर वेगळा. हेच गणित पडतानाही लागू असतं. मीटरभर उंचीवरून माणूस जमिनीवर येतो तेव्हा तो ताशी १६ किलोमीटरनं येतो. पंधराव्या वर्षीही तेवढ्याच वेगानं, पंचेचाळिसाव्या वर्षीही. फरक असतो तो ज्या हाडांवर हा वेग येऊन थांबतो त्यांच्यात.

शरीरात नेमका काय फरक पडलेला असतो?

तिशीनंतर स्नायूंचं वजन दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातं, असं मानलं जातं. व्यायामानं हे बरंचसं रोखता येतं आणि या बाबतीत बीएमएक्स उपयोगाचंच आहे. अडचण येते ती टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, टेंडनला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे महिनाभरात आत्मविश्वास येतो आणि नेमक्या त्याच वेळी कोपर, खांदा किंवा गुडघ्याखालची दोरी कुरकुरायला लागते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत लागोपाठ दोन दिवस सराव करण्याचा मोह टाळलेला बरा.

हाडांची गोष्ट थोडी गंभीर आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगानं घटते. या टप्प्यावर असलेल्यांनी उड्यांच्या नादी लागण्याआधी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता तपासून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण अशा वेळी डोक्याला बसलेला साधा वाटणारा मारही धोक्याचा ठरू शकतो. ही गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करूच नये.

पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकवतो आणि सगळा भार मनगटावर, तिथून खांद्याकडे जातो. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं हाड असतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते हळू जुळतं. त्यातला फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही. ‘मुरगळलंय’ म्हणून आठ दिवस मलम चोळत बसणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर पुन्हा तपासून घ्यावं. कॉलरबोन मोडलं तर प्रौढ माणसाला सहा ते बारा आठवडे लागतात. शाळकरी मुलाला या काळात परीक्षेत लेखनिक मिळतो. इथे मात्र टू-व्हीलर, लॅपटॉप, स्वयंपाकघर आणि गृहकर्जाचा हप्ता सगळं त्याच हातावर असतं.

अव्वल खेळाडूही यातून सुटत नाहीत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्स शर्यतीचं सुवर्ण जिंकलेला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स टोकियोत उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती वेगाची वेगळी दुनिया आहे हे मान्य. पण हेल्मेट ही शोभेची वस्तू नाही एवढं तरी त्यातून कळावं.

सुरुवात करायची तर कशी?

आधी सायकल. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात मुलं चालवतात त्या २० इंची सायकली दिसायला बीएमएक्ससारख्या असतात, काहींवर तसं लिहिलेलंही असतं. पण त्या मुलाच्या वजनासाठी आणि सपाट रस्त्यासाठी बनवलेल्या असतात. ७५-८० किलोचा माणूस त्यावरून एक फूट उडी मारून उतरला तर फोर्क किंवा क्रँक वाकू शकतो, आणि तो वाकतो तेव्हा माणूस तोंडावर येतो. भाच्याची सायकल तोल सांभाळून बघायला ठीक, उडीला नाही. मोठ्यांच्या बीएमएक्समध्ये फ्रेमच्या वरच्या नळीची लांबी उंचीनुसार निवडावी लागते. फ्रीस्टाइलमध्ये ती साधारण २० ते २१ इंच असते.

सायकलीच्याही आधी खरं तर हेल्मेट. शर्यत किंवा उड्यांसाठी हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेट घ्यावं आणि एकदा जोरात आपटलं की बदलावं, बाहेरून तडा दिसत नसला तरी. सोबत हातमोजे, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड. नडगीचे गार्ड बहुतेक जण विसरतात. पाय घसरू नये म्हणून पायडलवर छोट्या खिळ्यांसारख्या पिना असतात, पायडल उलटं फिरलं की त्या सरळ नडगीवर येतात. एकदा लागलं की मग कोणी विसरत नाही.

शिकण्याचा क्रम कंटाळवाणा वाटेल, पण तोच कामाचा. मोकळ्या पार्किंगमध्ये पायडल आडवी ठेवून उभ्यानं सायकल सोडायची, हळू वळायचं, ब्रेक किती दाबल्यावर मागचं चाक घसरतं ते बघायचं. मग पुढचं चाक वीतभर उचलायचं, मग मागचं, मग दोन्ही मिळून ‘बनी हॉप’. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून दोन्ही चाकं नेता आली की मग चपटा कागदी खोका. पंप ट्रॅक मिळाला तर त्यावर महिनोन्महिने घालवले तरी वाया जात नाहीत. रॅम्प त्यानंतर.

या सगळ्याबरोबर पडण्याचा सराव. गवतावर किंवा जाड गादीवर, सायकल नसताना. हात ताठ न ठेवता कोपर वाकवून खांद्यावरून लोळायचं, हनुवटी छातीला लावायची. ज्युदो शिकवणारा कोणी ओळखीत असेल तर दोन रविवार त्याच्याकडे गेलेलं उत्तम. सायकल सोडून द्यायचाही सराव लागतो, कारण मोठी माणसं महागडी वस्तू वाचवण्यासाठी हॅण्डल धरून ठेवतात आणि तिच्यासकट पडतात.

आणि विम्याचं काय?

भारतात आरोग्य विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबद्दल एक ठरावीक अट असते. तिच्यानुसार धोकादायक किंवा साहसी खेळात ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. अटीत गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशी नावं उदाहरणादाखल असतात. सायकलचं नाव त्यात नसलं तरी यादी तेवढ्यावर संपत नाही. हौशी माणसाला या शब्दरचनेचा फायदा मिळायला हवा, पण वैयक्तिक अपघात विमा आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात. बक्षिसाची रक्कम असलेल्या स्पर्धेत नाव नोंदवायचं असेल तर विमा कंपनीला आधीच ईमेल करून लेखी उत्तर घेतलेलं चांगलं. पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये असतेच. त्यात वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ही अट ‘एक्सल ०९’ या क्रमांकाखाली सापडेल.