ऐकतं कोण? कान की मेंदू?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. आपण कशानं ऐकतो? "त्यात काय विचारायचं? कानानं!" असंच तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच!

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांमधून त्याची थरथर आतल्या एका नळीत पोहोचते. ही नळी गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली असते. तिच्यातल्या सुमारे १५ हजार केसपेशी या थरथरीचा विजेचा संदेश बनवतात आणि तो मज्जातंतूंवाटे मेंदूकडे धाडतात. झालं, कानाचं काम संपलं! आई "जेवायला चल" म्हणाली की "टीव्ही बंद कर" म्हणाली, हे ओळखायचं काम मेंदूचं.

माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे अर्धेमुर्धे, पुसट संदेश जाऊ लागतात. श्रवणयंत्रानं खूप मदत होते, पण पुसट छापलेलं पान भिंगाखाली धरलं, तर अक्षरं मोठी दिसतात. उडालेली शाई काही परत येत नाही. ती उणीव मेंदूलाच भरून काढावी लागते. कशी बरं?

हे पाहायचं म्हणजे मेंदूत डोकावायला हवं. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे जास्त रक्त धावतं. रक्तातल्या प्राणवायूचा हा फरक एमआरआय यंत्रानं टिपता येतो, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं १९९० साली दाखवून दिलं.

पण गंमत अशी, की हे यंत्रच भयंकर ठणठणाट करतं! त्यात ऐकण्याची परीक्षा घ्यायची कशी? रक्त धावून यायला चार-सहा सेकंद लागतात. म्हणून यंत्र थांबवून शांततेत आवाज ऐकवायचा आणि मग चित्र घ्यायचं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी १९९९ साली ही युक्ती मांडली.

आणखी एक अडचण होती. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्यांच्या कानामागे, त्वचेखाली छोटं लोहचुंबक असतं. एमआरआयच्या प्रचंड लोहचुंबकापुढे त्याची पंचाईत होते आणि चित्रही बिघडतं. अशा वेळी प्रकाश मदतीला येतो. अंधारात बॅटरीवर बोट ठेवून पाहा. बोट लालभडक दिसतं ना? लाल प्रकाश थोडाफार आरपार जातो. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तर कवटीतूनही मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतात. हे किरण सोडणारी टोपी घातली, की रक्ताची ये-जा समजते. ना आवाज, ना चुंबक!

या चित्रांतून काय दिसलं? बोलणं पुसट झालं, की ऐकण्याच्या भागाबरोबर कपाळामागचा भागही कामाला जुंपला जातो. तो लक्ष एकवटणारा, अंदाज बांधणारा भाग. १९९७ साली आणखी एक नवल कळलं. आवाज न काढता नुसते ओठ हलवणारा माणूस पाहिला, तरी मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा होतो! म्हणजे आपण थोडंसं डोळ्यांनीही ऐकतो, बरं का!

आता कळलं ना, श्रवणयंत्र लावणारा वर्गमित्र शाळा सुटेपर्यंत इतका का दमतो? तुम्ही सहज ऐकता तो धडा, तो दिवसभर कोडी सोडवत ऐकत असतो. शब्द ओळखण्यातच शक्ती खर्च झाली, तर लक्षात ठेवायला ती कमी उरते. तेव्हा "याचं लक्षच नसतं" असं म्हणण्याआधी जरा थांबा.

आणि आई-बाबांनो, घरातल्या आजी-आजोबांचंही असंच असतं. पाठमोरं राहून ओरडू नका. टीव्ही बंद करा, समोर या, तोंडावर उजेड पडू द्या आणि सावकाश बोला. त्यांच्या मेंदूचं निम्मं ओझं तुम्हीच उचलाल!