गुरुवार, दुपारी बारा

"या आठच कशा?" आप्पा विचारतात.

व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलला लागून असलेल्या चौकात, कारंज्याच्या कडेला, आम्ही बत्तीस जण उभे आहोत. कारंज्याच्या मधोमध काशाचा एक धिप्पाड पुरुष रेलून पहुडलाय आणि त्याच्याभोवती आठ मुली हातातल्या घड्यांतून पाणी ओततायत. बहुतेकांचे फोटो काढून झालेत. गाइड पुढच्या इमारतीकडे वळलीय. आप्पा मात्र कारंज्याला दोन फेऱ्या मारून आलेत आणि बोटानं मुली मोजतायत.

टूर मॅनेजर गाइडला थांबवतो. ती इंग्रजीत सांगते, तो मराठीत, आणि कानातल्या यंत्रातून ते आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. "हा पुरुष म्हणजे इथली तूरिया नदी. आणि या आठ मुली म्हणजे नदीतून निघालेले आठ कॅनॉल."

"पाट," आप्पा म्हणतात. "कॅनॉल सरकारचा. गावाचा असतो तो पाट."

मॅनेजर जेमतेम तिशीचा, ठाण्याचा. त्याला हा फरक माहीत नसावा, पण तो मान डोलावतो आणि पुढचं वाक्य सांगताना 'पाट' हाच शब्द वापरतो. मला हे फार आवडतं.

आप्पा साक्री तालुक्यातले, पांझरा नदीकाठचे. वय चौऱ्याहत्तर. मुलानं पैसे भरून पत्नी माईंसकट त्यांना या सहलीवर पाठवलंय. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस हे वेळापत्रक इतरांना जड जातं, आप्पा मात्र पहाटे पाचलाच आंघोळ करून तयार असतात. बार्सिलोनात ते फारसं बोलले नाहीत. आज सकाळी रेशीमबाजाराच्या लोन्खा या जुन्या इमारतीत, पंधराव्या शतकातल्या त्या दोरखंडासारख्या पिळदार खांबांपाशीही नुसते वर पाहत राहिले. बोलले ते थेट भाजीबाजारात. तिथे पोत्यात सुकलेले, सुरकुतलेले, शेंगदाण्याहून लहान कंद होते. त्यांचं नाव चुफा. ते भिजवून वाटून ओर्चाता नावाचं थंडगार पांढरं पेय करतात, इथला उन्हाळा त्यावरच निघतो. आप्पांनी एक कंद उचलला, नखानं सोलला, नाकाशी नेला आणि माईंना म्हणाले, "हाऊ तं लव्हाळा शे!" लव्हाळ्याचा भाऊच तो, कूळ एकच. आपल्याकडे ज्याच्या गाठी उपटता उपटता बायकांची कंबर मोडते, त्याच्या जातभाईची इथे वाफे करून शेती होते. तो एक कंद अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

"आणि आज गुरुवार आहे," गाइड घड्याळ बघत म्हणते. "दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या त्या दारासमोर पाण्याचं न्यायालय भरतं. आठ पाटांचे आठ पंच बसतात. पण आपल्या कार्यक्रमात ते नाही, आपली बस—"

"मी थांबतो," आप्पा म्हणतात.

अकरा पस्तीस झालेत. पावणेबाराला निघून शहराच्या दुसऱ्या टोकाची ती पांढरी, आधुनिक कलानगरी बघायची, मग जेवण, असं ठरलंय. बस जुन्या वेशीपाशी दहा मिनिटांच्या वर उभी करता येत नाही. दोघीतिघींना अजून पंखे घ्यायचेत. एक गृहस्थ रास्तपणे विचारतात की एकासाठी एकतीस जणांनी का थांबायचं. मॅनेजर बाजूला जाऊन ड्रायव्हरशी फोनवर बोलतो, परत येतो. "साडेबारा. जेवण अर्धा तास पुढे. ज्यांना पंखे घ्यायचेत त्यांनी घ्यावेत, बारा पंचवीसला सगळे इथे, याच कारंज्यापाशी." विषय संपतो.

अशा सहलींना नावं ठेवणारे मला पुष्कळ भेटतात. धावत बघता, झेंड्यामागं चालता, तुम्हाला काय दिसणार, असं म्हणतात. त्यांना मी आता या चौकात आणून उभं करीन. इंग्रजी न येणारा, विमानात आयुष्यात पहिल्यांदा बसलेला एक शेतकरी या कारंज्यापर्यंत पोचलाय तो गटाबरोबर आला म्हणूनच. आणि त्यानं प्रश्न विचारला म्हणून आम्ही एकतीस जण थांबलो. मी एकटी आले असते तर फोटो काढून पुढे गेले असते.

कॅथीड्रलच्या या दाराला प्रेषितांचं दार म्हणतात. चौदाव्या शतकातलं गॉथिक काम आहे. दोन्ही बाजूंना दगडी संतांच्या रांगा, वर गोल खिडकी. दारासमोर फरशीवर लोखंडी कठडा उभा केलाय आणि त्याच्या आत लाकडाच्या, चामड्याची बैठक नि पितळी खिळे असलेल्या खुर्च्या. मांडव नाही, व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. कठड्याभोवती तीनएकशे माणसं जमलीत आणि त्यातली बहुतेक आमच्यासारखीच परदेशी. माई मला पुढे ओढतात. आप्पा केव्हाच कठड्याला हात लावून उभे आहेत.

गाइड दबक्या आवाजात सांगतेय, मॅनेजर भाषांतर करतोय. न्यायालय नक्की किती जुनं ते कागदावर नाही, पण परंपरा त्याचा आरंभ इ.स. ९६० चा मानते, आणि १९६० साली शहरानं त्याचं हजारावं वर्ष साजरंही केलं. ९६० साली इथे मुसलमानी राज्य होतं. आज कॅथीड्रल आहे त्या जागी मशीद होती. १२३८ मध्ये राजा जाउमेनं शहर जिंकलं, धर्म बदलला, जमिनींचे मालक बदलले, पण पाण्याबाबत त्यानं आज्ञा केली की पूर्वी चालत होतं तसंच चालू द्या. पाटाला इथे आजही 'सेकिया' म्हणतात. मूळ अरबी शब्द साकिया. आपल्या गझलेतला साकी याच धातूतला: पाजणारा.

आप्पांना यातल्या सनावळीत रस दिसत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. "पंच कोण नेमतं?"

त्या त्या पाटावरचे शेतकरीच निवडतात. पंच स्वतः त्या पाटावर जमीन कसणारा लागतो.

"वकील?"

वकील नाही. सगळं तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत. आरोपी स्वतः बोलतो, पाटाचा राखणदार बोलतो, पंच तिथंच आपसांत विचार करतात नि निकाल देतात. वर अपील नाही. आणि आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर निकाल डाव्या तीरावरच्या पंचांनी सुचवायचा, डाव्याचा असेल तर उजव्यांनी.

आप्पा कठड्यावरचा हात काढून मॅनेजरच्या खांद्यावर ठेवतात. "हे बरोबर आहे. आपल्या तीराचा माणूस आपला भाऊबंद असतो. त्याला दंड कसा करणार?"

कबुतरांचा एक थवा उठतो. मिकलेतच्या, कॅथीड्रलच्या त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या, घंटेचा पहिला ठोका पडतो. समोरच्या इमारतीतून आठ माणसं ओळीनं येतात. गुडघ्यापर्यंत नाही, कंबरेखाली जेमतेम येणारे काळे सैल अंगरखे घातलेत. शेतात कपड्यांवरून चढवायचा तोच अंगरखा, इथे न्यायाधीशाचा झगा झालाय. चेहरे रापलेले. एकाच्या बुटाच्या कडेला वाळलेली लाल माती आहे, मला ती स्पष्ट दिसते. त्यांच्यापुढे पट्टेवाला, हातात उंच काठी. काठीच्या टोकाला पितळी आकडा.

आठही जण बसतात. बारावा ठोका विरतो. पट्टेवाला पंचप्रमुखाची परवानगी घेतो, कठड्याच्या फाटकाशी येतो आणि खणखणीत आवाजात पुकारतो:

"देनुंसियात्स दे ला सेकिया दे क्वार्त!"

क्वार्तच्या पाटावरचे आरोपी हाजिर व्हा, एवढाच अर्थ. चौक गप्प आहे. कुणी पुढे येत नाही. तो चार श्वास थांबतो. मग पुढच्या पाटाचं नाव. पुन्हा शांतता. मग पुढचं. मिस्लाता. फावारा. रास्कान्या. प्रत्येक नावानंतर तो तेवढाच वेळ थांबतो, घाई करत नाही. जणू खरोखरच कुणी गर्दीतून वाट काढत येत असेल तर त्याला यायला वेळ मिळावा. मेस्ताल्याचं नाव ऐकून माझ्या शेजारचा आमच्या गटातला शाळकरी मुलगा दचकून वर बघतो. त्याला ते नाव फुटबॉलच्या मैदानाचं म्हणून माहीत आहे. मैदानाला नाव पाटावरून मिळालंय, हे त्याची आई त्याच्या कानात सांगते.

आठवं नाव पुकारून होतं. कुणीच आलेलं नाही. पंचप्रमुख उठतात, सगळे उठतात, सभा संपते. पाच मिनिटंही झाली नसतील.

गर्दीत थोडी कुजबुज होते. पुष्कळांना एखादा खटला बघायला मिळेल असं वाटलं होतं, मलाही. "म्हणजे आज काहीच नव्हतं?" पंखे घेऊन परतलेल्या काकू विचारतात.

आप्पाही तेच विचारतात, पण वेगळ्या सुरात. "खटला नव्हता हे यांना आधी माहीत असेल ना? मग आठही जण आले कशाला?"

मॅनेजर प्रश्न गाइडला सांगतो. तिला तो नीटसा कळत नाही. "आज गुरुवार आहे म्हणून," ती म्हणते.

आप्पा काही बोलत नाहीत. कठडा धरून उभे राहतात. मग हळूहळू, माईंकडे बघत, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागतात. त्यांच्या लहानपणी गावाखालच्या बंधाऱ्यावरून पाट निघायचा. पाटाखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात एकच पीक, एकात ऊस, एकात गहू, आणि दर वर्षी पिकं फिरायची. प्रत्येक घराचा प्रत्येक फडात तुकडा, म्हणून पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. शेतात पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानं, मालकानं दार उघडायचं नाही, मग तो पाटील का असेना. पाटकऱ्यावर हवालदार, राखणीला जागल्या, त्यांना खळ्यावर धान्य. पाऊस लागायच्या आत घरटी एक माणूस गाळ काढायला. आप्पांचे वडील अकरा वर्षं पाटकरी होते.

"आमना पाट बी असाच शे," ते म्हणतात आणि लगेच दुरुस्त करतात, "व्हता."

वर धरण झालं, घरोघर विहिरीवर मोटारी आल्या. ज्याची विहीर त्याचं पाणी. गाळ काढायला आधी दहा घरं आली नाहीत, मग वीस. कुणी भांडलं नाही, असं आप्पा दोनदा सांगतात. भांडण झालं असतं तर पंच तरी बसले असते.

गाइडच्या डोळ्यांत प्रश्न आहे. मॅनेजर तिला जमेल तसं इंग्रजीत सांगतो. ऐकता ऐकता ती हात वर करून थांबा म्हणते, कठड्याकडे जाते आणि खुर्च्या आवरणाऱ्या पट्टेवाल्याशी बोलते. एक पंचही वळून बघतात, मातीच्या बुटांचे तेच. अंगरख्याची बटणं काढत ते जवळ येतात. आत साधा चौकडीचा सदरा.

पट्टेवाला काठी आडवी करून आप्पांपुढे धरतो. पितळी आकडा दोन बोटं रुंद, आतल्या बाजूनं घासून गुळगुळीत. पाटाच्या दारातल्या फळ्या ओढायला जे हत्यार राखणदाराकडे असायचं, तेच हे. आप्पा काठी हातात घेत नाहीत, नुसता आकड्यावर अंगठा फिरवतात. मग दोन पावलं मागे सरतात, पाय फाकवून उभे राहतात आणि रिकाम्या हातांनी खालून फळी उपसल्याची क्रिया करतात. आधी डावीकडे एक हिसका, मग उजवीकडे, मग सरळ वर. पंच हसतात. मान हलवतात. त्यांच्याकडे उलटं, आधी उजवीकडे. तेही करून दाखवतात. कॅथीड्रलच्या दारात दोन म्हातारे पाणी नसलेल्या पाटाची फळी काढतायत आणि भाषांतराची गरज कुणालाच भासत नाही.

आप्पा खिशातून तो चुफा काढतात. पंच ओळखतात, स्वतःच्या छातीवर हात ठेवतात: मीही लावतो. आणि मग गाइडमार्फत सांगतात की शेत उरलंय तोवर लावीन. शहर चहूबाजूंनी आत सरकतंय. काही पाटांखालची जमीन घरांनी, रस्त्यांनी जवळजवळ गिळलीय. "मग त्या पाटाचा पंच?" आप्पा विचारतात. तो येतो. आज आला होता.

बारा पंचवीस. झेंडा वर होतो. माई आप्पांचा दंड धरतात.

बस जुन्या वेशीपासून निघते आणि एका रुंद दगडी पुलावर चढते. खाली नदी नाही. झाडं आहेत, हिरवळ आहे, मुलं चेंडू खेळतायत, नीलमोहर फुललाय. गाइड सांगते, १४ ऑक्टोबर १९५७ ला तूरियाला महापूर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, म्हणून नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. जुन्या पात्रात बाग झाली. मग ती क्षणभर थांबते. २०२४ च्या ऑक्टोबरात पाणी पुन्हा आलं. नव्या पात्रामुळे शहर वाचलं, पण पात्रापलीकडची गावं बुडाली. दोनशेहून अधिक माणसं गेली. बसमध्ये कुणी फोटो काढत नाही.

मॅनेजर मागून मोजत येतो. तीस, एकतीस, बत्तीस.

आप्पांनी फोन लावलाय. घरी आता चार वाजून गेले असतील, पुतण्या गोठ्यात असेल. आप्पा त्याला प्रवासाचं काहीच सांगत नाहीत. पाटाच्या दाराची सागाची फळी, जी गोठ्याच्या माळ्यावर टाकली होती, ती अजून आहे का, एवढंच विचारतात. आवाज इतका मोठा आहे की पुतण्याचं बोलणं मला मागच्या सीटवर ऐकू येतं.

"कोनती फळी, आप्पा?"

आप्पा फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरतात आणि दोन्ही हात पसरून त्याला लांबी दाखवू लागतात.